मदत हवी आहे: उन्हात पळताना मनाचा सराव कसा करावा?

जानेवारीत मुंबई मॅरेथॉनचे 42 किमी पळायचे आहेत. पेडर रोडचा चढ परतीला, ऊन वर आल्यावर लागतो, त्याचीच धास्ती आहे. अकोल्यात ऑक्टोबरच्या उन्हात 24-25 किमीनंतर पाय चालतात, पण डोक्यात 'आता बास' घुमायला लागतं.

दोन आठवडे उन्हाची सवय केली, मीठ-पाणी वेळेवर घेते, डॉक्टरांची तपासणीही झालीय. 'अजून एक खांब' असं स्वतःला बजावून पाहिलं. दहा मिनिटं चालतं, मग शब्द पोकळ वाटतात. कोच नाही, उन्हातला सराव फक्त रविवारी. चक्कर किंवा गोंधळल्यासारखं वाटलं तर थांबतेच, ते मनाच्या जोरावर रेटायचं नाही.

ज्यांना जमलंय त्यांनी सांगा: अशी वाक्यं आधी घरी घोटायची की थेट उन्हात, आणि त्रास सुरू होण्याआधीच म्हणायला लागायचं का?