'स्टॉर्मवॉटर'ला मराठीत काय म्हणावे?

अक्षरवेल: अमेरिकेतील बांधकामांविषयीच्या एका प्रशिक्षण पुस्तिकेचा अनुवाद करताना 'स्टॉर्मवॉटर डिस्चार्ज परमिट'पाशी गाडी अडली आहे. आधीच्या मसुद्यात 'वादळी पाण्याचा विसर्ग परवाना' असे होते. मी ते खोडून 'पर्जन्यजल' लिहिले, तर परीक्षकांनी तेही परत पाठवले, कारण तेथील संघीय नियमांच्या व्याख्येत पावसाच्या पाण्याबरोबर वितळलेल्या बर्फाचे वाहून जाणारे पाणीही मोडते. दोन्हींना पुरेल असा शब्द कोणाला सुचतो का?

ओहोळ: 'वृष्टिजल' लिहावे. अतिवृष्टी आणि हिमवृष्टी हे दोन्ही शब्द आपण वर्तमानपत्रांत रोज वाचतो, तेव्हा वृष्टीच्या पोटात बर्फ आपोआप येतो.

बोलीप्रेमी: येतो खरा, परंतु ही पुस्तिका साइटवरच्या मुकादमाला वाचायची आहे. नगरपालिकांनी 'पर्जन्य जलवाहिनी' अशी पाटी लावली तरी लोक 'पावसाळी गटार'च म्हणतात. साधे 'पावसाचे पाणी' लिहावे आणि बर्फाचा खुलासा एकदाच, व्याख्येत करावा.

स्थापत्यकार: पाणी आकाशातून कोणत्या रूपात आले, यापेक्षा ते उघड्या मातीवरून वाहत बाहेर गेले की नाही, याला त्या कायद्यात महत्त्व आहे. जलसंधारणाच्या पुस्तकांत त्यासाठी 'अपधाव' हा शब्द आहे.

बोलीप्रेमी: 'अपधाव' वाचून निम्म्या वाचकांना क्रिकेटमधली अवांतर धाव आठवेल.

ओहोळ: मला 'विसर्ग' अधिक खटकतो. मराठी कानाला विसर्ग म्हणजे धरणाचे दरवाजे उघडून सोडलेले क्युसेक; येथे तर कोणी काही सोडत नाही, गढूळ पाणी उतार धरून आपले आपण नाल्यात जाते. अर्थात कायद्याच्या दृष्टीने त्यालाही डिस्चार्जच म्हणतात, म्हणून 'निचरा' हा सौम्य शब्दही चालणार नाही, कारण चांगला निचरा हा आपल्याकडे जमिनीचा गुण समजला जातो.

फारसीचा विद्यार्थी: 'परवाना' मात्र बदलू नये. फारसीत त्याचा अर्थ लेखी हुकूम असाही होतो आणि दिव्यावर झेपावणारा पतंग असाही.

स्थापत्यकार: पतंग राहू द्या, येथे प्रश्न क्रियापदाचा आहे. तेथील सर्वसाधारण परवाना, म्हणजे अशा सगळ्या कामांना मिळून लागू होणारा एकच परवाना, आधीच लिहून प्रसिद्ध झालेला असतो. ज्या कामात एक एकर किंवा त्याहून अधिक जमीन उकरली जाते (1990 च्या नियमात ही मर्यादा पाच एकरांची होती, 1999 च्या नियमाने ती एकावर आणली), त्याच्या चालकाने, म्हणजे ते काम चालवणाऱ्याने, काम सुरू होण्याच्या किमान 14 दिवस आधी 'नोटीस ऑफ इंटेंट' भरून त्या परवान्याच्या कक्षेत यायचे असते. म्हणून 'परवाना मिळवला' असे लिहिले तर प्रक्रियेचे चित्रच चुकते.

अक्षरवेल: त्या नोटिशीला मी 'इरादापत्र' म्हटले आहे.

ओहोळ: ते तर उलटेच झाले! आपल्याकडे इरादापत्र सरकार उद्योजकाला देते. तेथे चालक शासनाला कळवतो. 'हेतुसूचना' म्हणावे.

बोलीप्रेमी: हेतुसूचना, वृष्टिजल, अपधाव: या तीन शब्दांनी मुकादम साइट सोडून जाईल. 'सिल्ट फेन्स'चे, म्हणजे वाहून जाणारा गाळ अडवायला साइटवर लावतात त्या कापडी कुंपणाचे, काय केले आहे, तेही एकदा कळू द्या.

अक्षरवेल: 'गाळणी-कुंपण'.

स्थापत्यकार: याला माझी सक्त हरकत आहे. ते कापड चहाच्या गाळणीसारखे काम करत नाही. त्याची खालची कड चरात पुरून माती दाबलेली असते, त्यामुळे पाणी त्याच्यामागे तुंबते, संथ होते आणि मातीचे कण तळाशी बसतात. कड पुरली नाही तर पाणी खालून निसटते आणि कुंपण नुसते शोभेचे राहते. 'गाळणी' वाचणारा माणूस कापडातून स्वच्छ पाणी गळण्याची वाट पाहील आणि मागे साचलेल्या ढिगाकडे लक्षच देणार नाही. 'गाळरोधक पडदा' म्हणावे.

ओहोळ: 'रोधक' कशाला? 'गाळ-अडवण' असा सरळ शब्द घडवता येईल.

बोलीप्रेमी: साइटवर सगळे 'सिल्ट फेन्स' म्हणत असताना शब्द घडवण्याची हौस कोणासाठी?

स्थापत्यकार: नाव काहीही ठेवा, पण त्याखालच्या सूचनेत 'गाळ निष्कासित करावा' असे लिहू नका. कापडाच्या जमिनीवरील उंचीच्या निम्म्यापर्यंत गाळ चढण्याआधी तो काढायचा असतो, आणि गाळ आपण उपसतो.