मोगऱ्याला पालवी भरपूर, कळी मात्र नाही : उन्हाळ्याच्या तोंडावर परसबागेसाठी मदत हवी आहे

नमस्कार.

आमचे घर सांगलीवाडीला आहे. घरामागे साधारण ३० फूट लांब आणि १८ फूट रुंद एवढी परसबाग आहे. सासूबाई होत्या तोवर बागेचे सगळे त्याच बघत. गेली तीन वर्षे मी बघते. पावसाळ्यात आणि थंडीत बाग बरी चालते, पण शिमगा झाला की दरवर्षी काहीतरी बिनसते आणि चैत्र संपेपर्यंत निम्मी बाग हातची जाते. यंदा पाडव्याच्या आधीच विचारते आहे, म्हणजे चूक सुधारायला थोडे दिवस हाताशी राहतील.

सर्वांत मोठी काळजी मोगऱ्याची आहे. जमिनीत दोन झाडे आहेत. एक मी लावलेले, चार वर्षांचे. दुसरा बटमोगरा, सासूबाई या घरात आल्या त्या वर्षी त्यांनी लावलेला. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तो शेंड्यापर्यंत पाण्याखाली होता. पाणी ओसरल्यावर नुसत्या काळ्या काड्या उरल्या होत्या आणि जो तो म्हणत होता की उपटून टाका. सासूबाईंनी कोणाचे ऐकले नाही. पुढच्या उन्हाळ्यात बुंध्यातून फुटवे आले आणि ओंजळभर का होईना, फुले मिळाली. ते झाड माझ्या हातून बिघडू नये, एवढीच इच्छा आहे.

सासूबाईंची रीत मला आठवते ती अशी : मार्गशीर्ष संपत आला की त्या मोगऱ्याचे पाणी तोडत, पाने पिवळी पडून गळू देत, संक्रांतीनंतर छाटणी करून बुंध्याभोवतीची माती उकरत, मुळांना चार-सहा दिवस ऊन दाखवत आणि मग शेणखत घालून भरपूर पाणी देत. यंदा मला पाणी तोडता आले नाही, कारण शेजारच्या वाफ्यात वांगी होती आणि दोन्हींना पाणी एकाच पाटाने जाते. छाटणीही लांबली, ती महाशिवरात्रीनंतर झाली. त्यानंतर दर आठ दिवसांनी शेंगदाणा पेंड भिजवून तिचे पाणी घातले, असे चार वेळा.

आज दोन्ही झाडांवर हातभर लांब, कोवळे, लुसलुशीत फुटवे आहेत. पाने गर्द हिरवी आणि नेहमीपेक्षा मोठी आहेत. काल एक शेंडा खुडून नखाने उलगडून पाहिला, तर आत आणखी दोन इवली पाने निघाली. कळीचा मागमूस नव्हता. पेंडेतला नत्र जास्त होऊन झाड नुसते पाल्यावर गेले असावे, अशी माझी शंका आहे. पण पाणी न तोडल्याने झाडाला ताण न मिळाल्यानेही हे होऊ शकते, आणि पश्चिमेला नवे घर उभे राहिल्यामुळे तिथे आता जेमतेम चार तास ऊन मिळते, हेही खरे. यांतले नेमके कारण कोणते आणि आता फाल्गुनात काय करणे योग्य? पेंड थांबवून राख द्यावी का? शेंडे खुडले तर बगलेतून कळी धरणारे फुटवे येतील, की होता तोही वेळ वाया जाईल?

दुसरा विषय मातीचा. जमीन मुळात काळी, त्यात पुराने वीतभर गाळ आणून टाकला. काही उपसला, उरलेला मातीत मिसळला. ही माती ओली असताना खुरप्याला लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की बोट आत जाईल एवढी भेगाळते. मग दिलेले पाणी भेगांतून थेट खाली जाते आणि कोवळी मुळे तुटतात. आमच्या भावकीत ऊस असल्याने पाचट हवे तेवढे मिळते, आणि हळदीची काढणी झाल्यामुळे तिचा वाळलेला पालाही येईल. पाचट मातीत गाडले तर ते कुजताना नत्र ओढून घेते हे मला माहीत आहे, म्हणून ते वरच पसरायचे ठरवले आहे. प्रश्न वाळवीचा आहे. मागच्या वर्षी पाचटाखाली वाळवी झाली आणि तिने मिरचीची सहा रोपे बुंध्याशी पोखरली. थर किती जाड असावा आणि बुंध्यापासून किती अंतर सोडावे, हे ज्यांनी स्वतः करून पाहिले आहे त्यांच्याकडून समजले तर बरे होईल. आधी निंबोळी पेंड पसरून वर पाचट घालावे, असे एका शेजारकाकांनी सांगितले आहे.

जास्वंदाची नवी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. आम्ही उन्हाळ्यात बोअरचे पाणी देतो. ते जड आहे, कुंड्यांच्या कडेला पांढरा थर बसतो. जमीनही चुनखडीची आहे, त्यामुळे जमिनीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नसावे. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारला. दहा दिवसांत नव्या पानांचा रंग सुधारला. पण हा उपाय वरवरचा वाटतो. हिराकस शेणखतात मुरवून आळ्यात द्यावा असे वाचले आहे. कोणी दिला असल्यास प्रमाण सांगावे. जास्वंदावर पिठ्या ढेकूणही आहे, पण तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि साबणाच्या पाण्याने आटोक्यात येतो, त्याविषयी विचारणे नाही.

भाज्यांत भेंडी आणि गवार उगवून आली आहे. थंडीतले टोमॅटो अजून उभे आहेत, पण फुले गळू लागली आहेत. उन्हाचा तडाखा वाढल्यावर ती टिकणार नाहीत, म्हणून या आठवड्यात काढून टाकीन. अडले आहे ते दोडक्याशी. जानेवारीअखेर टोकलेला वेल मांडवावर चढला, घोसांनी नर फुले आली, मग मादी फुलेही आली, परंतु बोटाएवढी होऊन ती पिवळी पडतात आणि गळतात. रोज सकाळी सात वाजता नर फूल घेऊन मादी फुलाला लावते, तरी धरत नाहीत. फळमाशीचा डंख दिसत नाही. काय चुकते आहे?

भर, रविवार सकाळ

उत्तरे देणाऱ्या सर्वांची मी मनापासून आभारी आहे. दोडक्याचे कोडे सुटले. दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते आणि सकाळी उमलते ते घोसाळ्याचे, हे मला ठाऊकच नव्हते. मी रोज कोमेजत आलेल्या फुलांवर खटपट करत होते. गुरुवारी साडेसहाला बॅटरी घेऊन मांडवाखाली उभी राहिले, तेव्हा दुपारी मिटलेल्या कळ्या उघडल्या होत्या आणि नर फुलाचा पिवळा पराग बोटाला लागत होता. पाच मादी फुलांना तो लावला. आज त्यांतली तीन हिरवीगार आहेत, देठ ताठ आहेत आणि शिरा उठून दिसू लागल्या आहेत.

पाचट बुंध्यापासून वीतभर लांब ठेवून तीन बोटे जाड पसरले आहे, खाली निंबोळी पेंड आहे. दर चार दिवसांनी कडेने उचलून बघणार आहे.

मोगऱ्याबाबत मात्र आपल्यात दोन मते आहेत. पेंड बंद करावी यावर सर्वांचे एकमत आहे आणि मी ती बंद केली. माझ्या झाडाचे शेंडे दोन पेरांवर खुडले आहेत. सासूबाईंच्या बटमोगऱ्याला अजून हात लावलेला नाही. त्याला आता आठ-दहा दिवस पाण्याचा ताण द्यावा, असे काहींनी लिहिले आहे, तर एवढ्या उन्हात ताण दिल्यास कोवळे फुटवे करपतील, असे इतरांनी बजावले आहे. वांगी काढून टाकल्यामुळे पाट आता वेगळा करता येतो, म्हणजे पाणी तोडणे शक्य आहे. पुरातून वाचलेल्या, जुन्या बुंध्याच्या झाडाला मार्च महिन्यात ताण देऊन ज्यांना कळी मिळाली आहे, त्यांनी किती दिवस पाणी तोडले होते आणि पाने किती सुकेपर्यंत थांबले होते, एवढे कृपया लिहावे. तोपर्यंत मी त्याला एक दिवसाआड थोडे पाणी देत आहे.