उशिरा सुरुवात करणाऱ्यांसाठी रोइंग

शाळेत कधी मैदानावर न उतरलेल्याने कॉलेजात एकदम रोइंगसारखा (वल्ही मारत बोट पळवण्याचा) दमवणारा खेळ घेऊ नये, असं एक मत ऐकू येतं; ते मला पटत नाही. उलट अशा मुलांना सामावून घेणाऱ्या मोजक्या खेळांत रोइंग फार वरचं. चेंडूवर नजर, लहानपणापासूनची चपळाई, यातलं काही इथे लागत नाही. ब्रिटनच्या हेलन ग्लोव्हरने २००८ मध्ये रोइंग सुरू केलं आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं. (ती आधीपासून खेळाडू होती हे खरं, पण रोइंगची ओळख तेव्हाचीच.)

नवखे सगळेच हातांनी ओढतात. पण बोटीतली बैठक सरकती असते, म्हणून जोर आधी पायांचा, मग पाठीचा, हात सगळ्यांत शेवटी. हे अंगवळणी पडायला महिने जातात, आणि ते चिकाटीनेच जमतं.

त्याहून मोठी गोष्ट आठ जणांच्या बोटीत कळते. प्रत्येकाकडे एकच वल्हं. सर्वांत ताकदवान गडी स्वतःच्या लयीत ओढू लागला तर बोट डगमगते, वेग पडतो. स्वतःला कायम कमी लेखणाऱ्या मुलाला इथे उमगतं की आपण सरावाला गेलो नाही तर उरलेल्या सात जणांचाही सराव अडतो. पहाटे उठायला एवढं कारण पुरतं! मला तरी यापेक्षा मोलाची शिकवण दुसऱ्या कुठल्या खेळात दिसलेली नाही.

२००० मीटरच्या शर्यतीत तिसरे ५०० मीटर जीव काढतात, म्हणून दमसास हळूहळू वाढवा. आणि पोहणं मात्र आधी शिकून घ्या.