‘ना-हरकत’ म्हणजे संमती?

सीताबर्डीकर: खाणकामाच्या कायद्यांवर ग्रामसभांसाठी पुस्तिका मराठीत करतोय. ‘कन्सेंट’ला मी ‘संमती’ लिहिलं होतं. तपासणाऱ्याने सगळीकडे ‘ना-हरकत’ केलं. म्हणे, गावोगावी ठराव याच नावाने होतात. 2013च्या भूसंपादन कायद्यात खाजगी कंपनीसाठी 80 टक्के बाधित कुटुंबांची आधी संमती लागते. गप्प बसलेला माणूस ‘ना-हरकत’मध्ये बसेल, संमतीत कसा बसेल?

देववाणी: मुळात ‘हरकत’ अरबी. ‘अनुमती’ लिहा. आणि ‘जबाबदारी’ असेल तर तिथे ‘उत्तरदायित्व’.

धरमपेठी: उत्तरदायित्व कंपन्यांना फार आवडतं, अहवालात छान दिसतं. लोक ‘जाब विचारतात’. तेच लिहा.

देववाणी: पोलीस चौकीची भाषा ती.

उमरेडकर: आमच्या इकडे कोळसा. त्याला 1957चा वेगळा कायदा लागते, त्यात संमतीची अटच नाही. अधिसूचना निघाली की 30 दिवसांत हरकत घ्या, नाहीतर बसा. आमच्यासाठी ‘हरकत’च कामाची, बाप्पा!

सीताबर्डीकर: मान्य. पण ओडिशात नियमगिरीला 2013मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने 12 ग्रामसभांपुढे प्रश्न गेला आणि बाराही जणींनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. त्याला ‘हरकत घेतली’ म्हणायचं?

उमरेडकर: नाही, तो नकारच. बरं, पुस्तिकेत ‘निस्तार’ घेतला का? आमची आजी ‘निस्ताराचं लाकूड’ म्हणे.

कोथरूडकर: निस्तार म्हणजे निस्तरणं ना? ‘केलंस ते निस्तर’मधलं?

धरमपेठी: नाही हो! सरपण, बांबू, चराई यांवरचा गावाचा हक्क. 1966च्या महसूल संहितेत कलम 161 खाली निस्तारपत्रक आहे. 2006च्या वनहक्क कायद्याच्या इंग्रजी मसुद्यातसुद्धा ‘निस्तार’ तसाच ठेवलाय, भाषांतर न करता.

देववाणी: म्हणजे संस्कृतच टिकलं. निस् अधिक तॄ, पार होणे. निस्तरणेही त्यातलंच.

धरमपेठी: मध्य प्रांताच्या कचेऱ्यांतून हिंदीवाटे आलाय तो. तुमच्या पुण्यात कोणी ऐकलाय का?

कोथरूडकर: मी तर आज पहिल्यांदाच.

उमरेडकर: छत्तीसगडात ‘निस्तारी तलाव’ म्हणतात. आंघोळीचा, गुरांचा.

सीताबर्डीकर: मंडळी, पानं उद्या छापखान्यात जातायत. ‘ना-हरकत’ ठेवू की काढू?

देववाणी: तलावाला ‘निस्तारी’ म्हणतात याला लेखी पुरावा आहे का?