गेरूच्या थरावरून ॲक्रिलिक सुटते आहे. शिवाय चित्रात वारली चौक घ्यावा की नाही?

प्रश्न (रेषावेडी, नाशिक)

मी पुस्तकांसाठी आणि मासिकांसाठी चित्रे काढते. सुरगाण्याच्या बाजूला बोहाडा (मुखवटे घालून सोंगे नाचवण्याचा उत्सव) पाहून आल्यापासून त्यातील सोंगांवर एक चित्रमालिका करीत आहे. हातकागदावर गेरूचा थर, त्यावर ॲक्रिलिकमध्ये मुखवटा आणि कडेला जुन्या येवला पैठणीच्या काठाचे तुकडे, अशी मांडणी आहे. पाण्यात कालवलेला गेरू दिसतो सुरेख, परंतु वरचे ॲक्रिलिक वाळले की ते गेरूसकट पापुद्र्यासारखे निघून येते. काठ चिकटवले की कागदही वाकतो. शिवाय पार्श्वभूमीला वारली पद्धतीचा चौक (लग्नात भिंतीवर काढतात ते चौकोनी चित्र) काढण्याचा विचार आहे, तो योग्य ठरेल का?

उत्तर १ (जुना खडू)

दोष ॲक्रिलिकचा नाही. गेरू ही लोहयुक्त माती आहे; पाणी उडून गेले की कागदावर नुसती भुकटी उरते आणि ॲक्रिलिकचा पापुद्रा कागदाला न धरता त्या भुकटीला धरतो. गेरू बारीक वाटून, फडक्यातून गाळून, मॅट ॲक्रिलिक मीडियममध्ये (रंग नसलेल्या, चमक न देणाऱ्या ॲक्रिलिक द्रवात) कालवावा आणि एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर द्यावेत. डिंकाच्या पाण्यानेही गेरू बसतो, मात्र डिंक ओलाव्याने पुन्हा विरघळत असल्यामुळे वरचा ब्रश ओला असेल तर रंग गढूळ होतो. (बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून गाळण्याचा खटाटोप मी बराच काळ केला आहे, आता करीत नाही.)

काठाबद्दल म्हणाल, तर तो चिकटवूच नका. कागद आधी जाड पुठ्ठ्यावर चढवून वाळू द्या, सुईने भोके पाडून घ्या आणि गोधडीला घालतात तसा धावदोरा घालून काठ शिवा. कणकेची खळ तर टाळाच, कारण आपल्याकडील पावसाळ्यात तिला बुरशी येते आणि कसरही लागते.

उत्तर २ (पेठकर)

चौकाविषयी लिहितो. वारली लग्नात सवाशिणी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्यात पालघट देवीची स्थापना असते आणि धवलेरी (लग्नाचे विधी करणारी स्त्री) गाणी म्हणते. म्हणजे तो सजावटीचा नमुना नसून विधीचा भाग आहे. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हे खरे. परंतु ते त्याच परंपरेतले होते. आपण बाहेरचे. त्यातच बोहाडा हा अनेक समाजांचा मिळून होणारा उत्सव असल्याने त्यामागे लग्नाचा चौक ठेवला, तर जाणकाराला ते विजोडच वाटेल. त्यापेक्षा संबळ, टेंभे, मुखवट्याच्या आत घामेजलेला माणूस, असे जे प्रत्यक्ष पाहिले ते काढा. ज्या गावाचा बोहाडा पाहिला त्याचे नावही चित्राखाली द्या. मुखवट्यांची छायाचित्रे घेतली असतील, तर ती वापरण्यापूर्वी सोंग घेणाऱ्यांना विचारावे.

रेषावेडी

दोघांचेही आभार. मीडियममध्ये कालवलेल्या गेरूचा तुकडा दोन दिवस वाळवून त्यावर चिकटपट्टी लावून ओढली. पट्टीबरोबर रंग निघून आला नाही, फक्त मातीचा कोरडेपणा थोडा कमी झाला. चौक रद्द केला आहे. टेंभ्याचा उजेड गेरूवर कसा आणावा, हे मात्र अजून जमलेले नाही.

जुना खडू

उजेड वरून लावू नका, गेरूखालून येऊ द्या. आधी पिवळ्या मातीचा थर द्या, त्यावर गेरू लावा आणि ओला असतानाच टेंभ्याच्या जागी फडक्याने टिपून घ्या.