सॅकमधून नेता येईल असा छोटा पीसी: आयटीएक्स बोर्ड बी६५० घ्यावा की ए६२०?

संत्रानगरी

नमस्कार मंडळी, नवीन पीसी असेंबल करायचाय आणि सगळं मदरबोर्डवर येऊन अडलंय. मी नागपूरला असते पण कामासाठी अधूनमधून पुण्याला ताईकडे मुक्काम असतो, दोन्हीकडे मॉनिटर आहे, म्हणून डबा तेवढा ट्रेनमधून सॅकमध्ये टाकून नेता आला पाहिजे ही पहिली अट. लॅपटॉप घे असं घरचे म्हणतात पण मला पुढे रॅम, कार्ड बदलत राहायचंय आणि लॅपटॉपमध्ये तेच होत नाही.

काम म्हणजे दाविंची रिझॉल्व्हमध्ये फोरके एडिटिंग, थोडं गेमिंग. प्रोसेसर रायझन ५ ७६०० किंवा ८६००जी, ग्राफिक कार्ड आत्ता नाही, दिवाळीला आरटीएक्स ४०६० टाकेन. कॅबिनेट फ्रॅक्टल टेरा किंवा कूलर मास्टर एनआर२००.

बोर्डाचं म्हणाल तर आयटीएक्समध्ये (छोट्या साइजचा बोर्ड) ए६२० आणि बी६५० या एएमडीच्या दोन चिपसेटमध्ये (बोर्डावरची मुख्य चिप) किमतीचा फरक बराच आहे आणि स्पेक शीट वाचून मला दोन्ही जवळपास सारखेच वाटतात. दुकानदार म्हणतो त्याहून मोठा मायक्रो एटीएक्स घ्या, स्वस्तात जास्त मिळेल. जास्तीचे पैसे कशाचे जातात ते कोणी नीट सांगेल का? आणि उन्हाळ्यात इथे काय होतं ते तुम्हाला माहितीये, त्याचाही विचार हवा.

सोल्डरगन

ताई, आधी कॅबिनेट फायनल करा, मग प्रोसेसरचा कूलर, आणि बोर्ड सगळ्यात शेवटी. मोठ्या पीसीत बोर्ड आधी ठरवला तरी चालून जातं, छोट्यात नाही.

मिनी आयटीएक्स म्हणजे १७० बाय १७० मिमी, व्हीआयएने २००१ मध्ये आणलेला साइज. तेवढ्यात सॉकेट, दोन रॅम स्लॉट, ग्राफिक कार्डासाठी एक पीसीआयई स्लॉट, वायफाय, एम.२ सगळं कोंबायचं असतं, आणि कंपन्यांमध्ये खरा फरक पडतो तो कोंबण्याच्या पद्धतीत. स्पेक शीटवर तो दिसत नाही म्हणून तुम्हाला दोन्ही सारखे वाटतायत. कंपनीच्या साइटवरचा बोर्डाचा वरून काढलेला फोटो मोठा करून बघा, आणि मागच्या बाजूचाही बघाच.

फोटोत काय बघायचं ते सांगतो. पहिलं, प्रोसेसरची ८ पिन पॉवर कुठेय. बहुतेक बोर्डांवर ती वरच्या कोपऱ्यात असते आणि टेरासारख्या कॅबिनेटमध्ये कूलर बसवल्यावर तिथे बोट जात नाही, म्हणजे ती वायर आधी लावून मगच बोर्ड आत ठेवायचा. दुसरं, मागच्या पोर्टांच्या बाजूचं व्हीआरएमचं (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) हीटसिंक किती उंच आहे. टेरात कूलरला जास्तीत जास्त ७७ मिमी उंची मिळते, म्हणजे आडवा, बुटका कूलरच बसणार, आणि त्याच्या पात्या चारी बाजूंना पसरतात, महागड्या बोर्डांवरचं हीटसिंक नेमकं तिथेच आडवं येतं. नॉक्टुआच्या साइटवर प्रत्येक बोर्डासाठी कोणता कूलर बसतो त्याची यादी आहे, दुसऱ्या कंपनीचा कूलर घेणार असाल तरी ती यादी बघून अंदाज येतो. तिसरं, पुढच्या टाइप-सी पोर्टचं हेडर (त्याची वायर जोडायची जागा) बोर्डावर आहे का. टेराला पुढे टाइप-सी आहे, बोर्डावर हेडर नसेल तर तो पोर्ट नुसता शोभेचा, आणि तुम्ही कॅमेऱ्याचं कार्ड रोज तिथेच लावणार.

आता एम.२, म्हणजे एसएसडी बसवायचा स्लॉट. ए६२० च्या काही आयटीएक्स बोर्डांवर एकच स्लॉट मिळतो. एडिटिंगला विंडोज एका एसएसडीवर आणि फुटेज दुसऱ्यावर असलं की कामाला वेग येतो, त्यामुळे तुम्हाला दोन हवेतच. बी६५० वर दोन तरी असतात, गिगाबाइटच्या बी६५०आय ऑरस अल्ट्रावर तर तीन आहेत. पण दुसरा स्लॉट पुष्कळदा बोर्डाच्या मागे असतो, तिथली एसएसडी बदलायची तर पूर्ण बोर्ड उपसून काढावा लागतो आणि तिथे हवाही लागत नाही. म्हणून मागे जी लावाल ती मोठी आणि थंड चालणारी लावा, परत हात लावायला लागू नये अशी. सारखी बदलायची ती पुढे.

ए६२० वाईट नाही हां. त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येत नाही) पण रॅमचा पूर्ण वेग चालू करणारी एक्स्पो सेटिंग चालते, आणि ७६०० ला तेवढं पुरे. तुम्हाला जास्तीचे पैसे द्यायचेत ते दुसऱ्या एम.२ आणि टाइप-सी हेडरचे, चिपसेटच्या नावाचे नाही.

लॅमिंग्टनवाला

दुकानदाराचं म्हणणं मोडीत काढू नका. मायक्रो एटीएक्स बोर्ड २४४ बाय २४४ चा, तीच चिपसेट, रॅमचे बहुधा चार स्लॉट आणि किंमत कमी. असूसचं एपी२०१ कॅबिनेट ३३ लिटरचं आहे, टेबलावर छान दिसतं, त्यात साधा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि मोठा कूलर बसतो. आयटीएक्समध्ये बोर्ड महाग, छोट्या साइजचा एसएफएक्स एसएमपीएस महाग, कॅबिनेट महाग, तीन ठिकाणी जादा पैसे मोजायचे. तेवढ्यात ४०६० आजच येईल की. एडिटिंग करणाऱ्याला मी तरी हेच सांगेन.

आणि हो, बोर्ड दुकानातला जुना स्टॉक असेल तर खोक्यावरचं स्टिकर बघा. ७६०० कुठल्याही एएम५ (या प्रोसेसरांचं सॉकेट) बोर्डावर तसाच चालू होतो पण ८६००जी जानेवारी २०२४ चा आहे, त्याचा सपोर्ट यायच्या आधीचं बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) असलेला बोर्ड त्याच्याबरोबर डिस्प्ले देणार नाही. बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घेतला तर पेनड्राइव्हवरून घरी अपडेट होतं, नाहीतर दुकानातूनच करून मागा. आयटीएक्सचा खप कमी असल्यामुळे माल बराच काळ पडून असतो, म्हणून हे आयटीएक्सला जास्त लागू.

संत्रानगरी

लॅमिंग्टनवाला दादा, पैशांचं पटतंय पण ३३ लिटर सॅकमध्ये जात नाही ना, मुख्य अटच ती आहे. टेरा १०.४ लिटर, एनआर२०० साधारण १८. खरंतर एनआर२०० सुद्धा सॅकमध्ये कठीणच. म्हणजे टेराच.

सोल्डरगन दादा, फोटो बघायला बसले आणि दोन बोर्ड तिथेच कटाप झाले, एकाला टाइप-सी हेडर नाही आणि दुसऱ्याचं हीटसिंक खरंच डोंगराएवढं आहे. मग प्रोसेसर कुठला? कार्ड दिवाळीला येणार, तोपर्यंत ८६००जी च्या आतल्या ग्राफिक्सवर काम निघेल म्हणून तिकडे मन ओढतंय.

सोल्डरगन

कार्ड नक्की येणार असेल तर ७६००. त्याच्या आत ग्राफिक्स आहे पण नावापुरतं, डिस्प्ले येईल आणि साधं कटिंग होईल, फोरकेला प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या कॉपी) बनवून चालवा दिवाळीपर्यंत. त्याची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ३२ एमबी आहे, ८६००जी ची १६, गेमिंगला हा फरक जाणवतो. ८६००जी कार्डाला आठच लेन (डेटाचे मार्ग) देतो, ४०६० मुळात आठ लेनचंच कार्ड आहे म्हणून तिथे तोटा नाही, पण उद्या मोठं कार्ड टाकलंत तर आहे. ८५००जी कोणी स्वस्तात देतो म्हणाला तर अजिबात नको, तो चारच लेन देतो.

रॅम एकदाच जोडीने घ्या, १६ जीबीच्या दोन. दोनच स्लॉट आहेत, नंतर वाढवायची म्हणजे आधीची काढून विकणं आलं. आणि लाइटवाली उंच रॅम नको, साधी बुटकी घ्या, कूलर तिच्या डोक्यावर येतो.

वैनगंगा

मी चंद्रपूरचा, त्यामुळे उन्हाचं मी सांगतो. बाहेर ४५ असताना खोली ३६-३७ च्या खाली येत नाही, आणि छोट्या डब्यात ती हवा आणखी गरम होऊन प्रोसेसरला लागते. ७६०० वर ६५ वॅट लिहिलंय पण बूस्टला तो ८८ वॅटपर्यंत ओढतो. बायोसमध्ये ४५ वॅटचा इको मोड टाकला की ६१ वर थांबतो, एडिटिंगमध्ये फरक थोडका पडतो आणि पंख्याचा आवाज एकदम बसतो. मार्च ते जून मी तसाच चालवतो. बोर्ड ठरवायच्या आधी त्याचं मॅन्युअल पीडीएफ डाउनलोड करून त्यात इको मोड किंवा पीपीटी लिमिट (प्रोसेसरच्या वॅटची मर्यादा) आहे का शोधा, मॅन्युअल फुकट मिळतं, बोर्ड घ्यायची गरज नाही. फॅन हेडर किती तेही त्यातच कळतं.

दुसरं म्हणजे डेझर्ट कूलर. आपल्याकडे सगळे खिडकीत लावतात आणि कॉम्प्युटर टेबल बरोबर त्याच्या झोतात येतं. ती हवा दमट, वर पाण्याचे बारीक तुषार आणि खसची धूळ. टेरा दोन्ही बाजूंनी जाळीचं आहे, आत सरळ जातं सगळं. झोताच्या बाहेर ठेवा. आमच्याकडे एका बोर्डाच्या रॅम स्लॉटमध्ये पिनांवर हिरवा थर चढला होता, रॅम काढल्यावरच दिसला.

हडसनकाठी

मी अमेरिकेत जर्सी सिटीत आहे, माझाही डबा टेराच. एक गोष्ट कोणी बोललं नाही, रायझर केबल. टेरात कार्ड बोर्डाच्या पाठीमागे उभं राहतं आणि मधे दोघांना जोडणारी रायझर असते, ती पीसीआयई ४.० ची, कॅबिनेटबरोबरच येते. ४०६० ला बरोब्बर. पण ५.० चा बोर्ड घेऊन पुढे ५० सिरीजचं कार्ड टाकलंत तर बोर्ड ५.० वर बोलायला जातो, केबलला ते झेपत नाही आणि स्क्रीन काळी. तेव्हा बायोसमध्ये स्लॉटचा स्पीड हाताने जेन ४ (म्हणजे ४.०) करायचा. तोपर्यंत डिस्प्लेची वायर बोर्डाच्या एचडीएमआयला लावता येते, ७६०० च्या आतलं ते नावापुरतं ग्राफिक्स इथे कामाला येतं. म्हणून ७५००एफ घेऊ नका, त्यात ते नाही.

इथून कोणी येताना बोर्ड आणून देतो म्हणालं तर आधी वॉरंटी विचारा. बोर्डाची वॉरंटी बहुतेक वेळा ज्या देशात घेतला तिथलीच धरतात, आणि पिन वाकलेला एएम५ बोर्ड तसाही वॉरंटीत घेत नाहीत. एएम५ ला पिना प्रोसेसरवर नसून बोर्डावर आहेत.

लॅमिंग्टनवाला

सॅकची अट पक्की असेल तर माझं मायक्रो एटीएक्स मागे घेतो. फक्त ट्रेनमध्ये नेताना कार्ड काढून वेगळं न्या, वरच्या बर्थवरून सॅक पडली तर वजन कार्डाच्या स्लॉटवर येतं.

संत्रानगरी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. ठरलं: टेरा, ७६००, १६ च्या दोन बुटक्या रॅम, ४७ मिमीचा थर्मलराइट एएक्सपी९०, आणि दोन एम.२ व टाइप-सी हेडर असलेला बी६५० आयटीएक्स. मॅन्युअलमध्ये इको मोड आहे, बघितला. फ्लॅशबॅकचं बटण पण आहे. बिल भारतातलंच घेतेय. वैनगंगा दादा, टेबल डेझर्ट कूलरच्या समोरून हलवलं आजच.

जोडताना अजून काही लक्षात ठेवायचं का?

सोल्डरगन

पहिल्यांदा पॉवर दिल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळीच राहील. डीडीआर५ रॅमचं ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) चालू असतं, पंखे फिरतात आणि काहीच दिसत नाही. मधे बंद करू नका, स्वैपाकघरात जाऊन चहा टाका. आणि हे सगळं बोर्ड कॅबिनेटमध्ये घालायच्या आधी, खोक्यावर ठेवून करा, मागच्या एम.२ मधली एसएसडी बायोसमध्ये दिसतेय का तेही तेव्हाच बघा, मग आत बसवा.