फुटत्या लाटेत कयाकचा रोल का फसतो?

वल्हेवाला: शांत पाण्यात उजवीकडचा स्वीप रोल (उलटलेली कयाक, म्हणजे अरुंद होडी, आत बसूनच वल्हं पाण्यावर कमानीत फिरवून सरळ करणं) हमखास लागतो. पण फुटत्या लाटेत कयाक आडवी होऊन किनाऱ्याकडे उलटली की अर्धवट वर येते आणि परत खाली जाते. घाई नडते की बाजू चुकते? आणि कयाकमधून बाहेर पडावं लागलं तर तिथेच टी-रेस्क्यू (सोबत्याने ती आपल्या कयाकवर आडवी ओढून पाणी काढणं आणि मला परत बसवणं) करावा का?

भरती_ओहोटी: बहुतेक वेळा बाजूच चुकते. लाट कयाकला किनाऱ्याकडे ढकलत असते. समुद्राच्या बाजूला लावलेलं वल्ह्याचं पातं त्या ओढीनेच वर उचललं जातं आणि निम्मं काम लाट करते. किनाऱ्याच्या बाजूला लावलंत तर तेच पातं कयाकखाली खेचलं जातं. वर आलात तरी लाट पुन्हा त्याच बाजूला पाडते. पाण्याखाली दिशा कळत नाही, तेव्हा पातं खाली ओढलं जातंय असं वाटलं की बाजू बदला. म्हणूनच रोल दोन्हीकडून यायला हवा.

उलटल्याबरोबर कपाळ डेकला (कयाकच्या वरच्या झाकणाला) टेकवा, कोपरं अंगाशी घ्या. पाणी उथळ असेल तर तोंड आणि मान त्यामुळेच वाचते (हेल्मेट हवंच). दोन-तीन सेकंद खळबळ ओसरू द्या. फेसात हवा जास्त, त्यामुळे पात्याला आधार कमी मिळतो. वल्ह्यावर जोर न देता गुडघ्याने आणि कंबरेने कयाक फिरवा, डोकं सगळ्यात शेवटी. वर आल्यावर सरळ बसायला जाऊ नका. लाटेकडेच कललेले राहून ब्रेस धरा (पातं पाण्यावर टेकवून आधार घ्या). हात खांद्याच्या वर किंवा मागे गेला की खांदा निखळलाच समजा.

खारं_पाणी: फुटत्या लाटांत टी-रेस्क्यू नाही. दोन कयाक एकमेकींवर आदळतात आणि मध्ये माणूस सापडतो. पोहणाऱ्याने कायम समुद्राच्या बाजूला राहावं. कॉकपिटमध्ये (बसायच्या खाचेत) 150 लिटर पाणी शिरलं म्हणजे 150 किलो, आणि ते लाटेसकट अंगावर येतं. टोकाचं हँडल धरा, पण दोरीच्या फासात बोटं अडकवू नका; कयाक गरगरली तर बोटं पिळवटतील. ओढ आवरेना तर सोडून द्या, ती आपोआप किनाऱ्याला लागते.

वल्हेवाला: आणि सोबत्याने काय करायचं?

खारं_पाणी: लाटा फुटतात त्या रेषेबाहेर, समुद्राच्या बाजूला थांबायचं. पोहणारा तिथेच बाहेर असेल तर त्याला आपल्या कयाकच्या मागच्या डेकवर पालथा घेऊन आणखी आत समुद्रात न्यायचं. टी-रेस्क्यू तिथे.